पुन्हा गरम केले, तरी विष उरते

महाप्रसादातून किंवा लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली, की पहिला संशय भेसळीवर जातो. अनेकदा खरा प्रश्न वेळेचा असतो: अन्न शिजले कधी आणि वाढले कधी? ५ ते ६० अंश सेल्सियस तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. आचाऱ्याच्या हातावरील जखमेतून अन्नात शिरलेला ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ या काळात विष तयार करतो. अन्न पुन्हा उकळल्यास जिवाणू मरतात. विष मात्र टिकते आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. त्यामुळे पंगतीचा स्वयंपाक आदल्या रात्री उरकून सकाळी नुसता गरम करणे धोक्याचे. शिजल्यापासून २ तासांत वाढावे, अन्यथा ६० अंशांहून अधिक तापमानावर ठेवावे. आयोजकांनी या वेळा लिहून ठेवल्या, तर चौकशीलाही दिशा मिळेल.