शाबासकीने बेडी तुटत नाही

ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी आहे. राबणारा एक आणि पदरात पाडून घेणारा दुसरा, हा अनुभव कुणब्याला, सुताराला, कुंभाराला नवा नाही. पण कविता रचणारा एक, त्या कवितेच्या पैशांत वाटा घेणारा दुसरा, आणि कवीच्या देहाचाही मालक तोच दुसरा, असा प्रकार आमच्या वाचकांनी क्वचितच ऐकला असेल. तो अमेरिकेत घडला. ज्याच्यावर घडला त्या कवीचे नाव जॉर्ज मोझेस हॉर्टन. त्याची हकीकत आज आम्ही येथे सांगणार आहोत.

अमेरिकेच्या दक्षिण भागात नॉर्थ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. त्या राज्यात विल्यम हॉर्टन नावाच्या तंबाखूच्या मळेवाल्याच्या घरी 1797 च्या सुमारास जॉर्ज जन्मला. आईबाप आफ्रिकी वंशाचे गुलाम, म्हणून पोरही जन्मतःच गुलाम. हॉर्टन हे आडनावसुद्धा मालकाचेच. पुढे मालक चॅथम परगण्यात राहावयास गेला आणि तेथे जॉर्जच्या वाट्याला गुरे राखण्याचे काम आले. वर्षानुवर्षे त्याने गुरे राखली. 1814 साली मालकाने आपली मिळकत मुलांना वाटून दिली, तेव्हा जॉर्ज हा जेम्स हॉर्टन या मुलाच्या वाट्यास गेला. आपल्याकडे वाटणीत बैलजोडी जाते, तसा तेथे माणूस गेला.

या गुराख्याला अक्षराचे वेड लागले. शाळा नाही, पंतोजी नाही. फाटकेतुटके अंकलिपीचे पुस्तक कोठून तरी मिळविले, आणि रात्री काटक्यांचा जाळ करून त्या उजेडात तो अक्षरे ओळखू लागला. बायबल आणि ख्रिस्ती भजनांचे पुस्तक ही त्याची पुढची पाठ्यपुस्तके. भजनांच्या चालीवर त्याला स्वतःची पदे सुचू लागली. वाचता येई, पण लिहिता येत नव्हते. म्हणून नांगर धरल्या धरल्या कविता रचावी आणि ती मनात साठवून ठेवावी, असा त्याने परिपाठ ठेविला. आपल्या आजीबाई जात्यावर बसून शेकडो ओव्या तोंडपाठ ठेवीत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मालकाच्या मळ्यापासून आठएक मैलांवर चॅपल हिल हे गाव. तेथे राज्याचे विद्यापीठ. सुट्टीच्या दिवशी जॉर्ज फळे विकावयास तेथे पायी जाई. गोऱ्या विद्यार्थ्यांना हळूहळू कळले की, हा फळवाला कविता करतो. मग फळांपेक्षा कवितांचेच गिऱ्हाईक वाढले. ज्या तरुणाला आपल्या प्रेयसीला कविता पाठवावयाची असे, तो जॉर्जला तिचे नाव सांगे; आणि ओळींची आद्याक्षरे जुळविली की तिचे नाव निघेल अशी कविता जॉर्ज आठवडाभर नांगरामागे रचून आणी. तो तोंडाने सांगे, विद्यार्थी लिहून घेई. दर 25 सेंटांपासून 75 सेंटांपर्यंत. (शंभर सेंटांचा एक डॉलर.) विद्यार्थ्यांनी त्याला मिल्टन, शेक्सपिअर, होमर यांची पुस्तके दिली, दारूची चटकही त्यांच्याच संगतीत लागली, असे त्याने स्वतः पुढे लिहून ठेविले आहे.

तेथील एका प्राध्यापकाची पत्नी कॅरोलाइन ली हेंट्झ ही स्वतः लेखिका होती. तिने त्याच्या कविता कागदावर उतरविल्या, सुधारून दिल्या, आणि 1828 साली आपल्या माहेरच्या गावच्या वर्तमानपत्रात छापून आणविल्या. 1829 साली राज्याची राजधानी रॅली येथे त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्याचे नाव 'स्वातंत्र्याची आशा' अशा अर्थाचे होते. दक्षिणेतील राज्यांत आफ्रिकी वंशाच्या माणसाचे छापलेले हे पहिले पुस्तक होय. हेतू एकच: पुस्तक विकून येणाऱ्या पैशांनी कवीला मालकाकडून विकत घ्यावे आणि मोकळे करावे. पुस्तकाचे कौतुक झाले, पण पुरेसा पैसा जमला नाही. कवी होता तेथेच राहिला.

याच सुमारास सरकारला भीती पडली. गुलाम वाचू लागले तर विचार करू लागतील, आणि विचार करू लागले तर गप्प बसणार नाहीत! म्हणून 1830 साली नॉर्थ कॅरोलायनाच्या कायदेमंडळाने कायदा केला की, गुलामाला लिहावयास वाचावयास शिकवील तो गुन्हेगार. गोऱ्याने शिकविले तर दंड किंवा तुरुंग. गुलामाने गुलामाला शिकविले तर उघड्या पाठीवर एकोणचाळीस फटके. मात्र या कायद्यात एक सूट होती. ती सूट आकड्यांची! गुलामाला हिशेब शिकविण्यास हरकत नव्हती. मालकाची पोती मोजावयास आकडे लागतात. आपली अर्जी लिहावयास अक्षरे लागतात. कोणती विद्या कोणाच्या कामी येते, हे कायदा करणारे पुरते ओळखून होते. असे असूनही जॉर्ज 1832 च्या सुमारास लिहावयास शिकलाच.

आता कवितेच्या कमाईचा हिशेब पाहू. जॉर्जने मालकाशी ठराव केला की, मला चॅपल हिलला राहू द्या. शेतावर न राबण्याबद्दल मी रोज 25 सेंट आणून देईन. म्हणजे स्वतःच्याच देहाचे रोजचे भाडे. 1843 साली जेम्स मेला आणि त्याचा मुलगा हॉल हॉर्टन मालक झाला. त्याने भाडे दुप्पट केले, रोज 50 सेंट. वर्षाचे तीनशेच दिवस धरले तरी 150 डॉलर होतात. 1852 साली त्याची किंमत ठरली होती 250 डॉलर. आमच्या वाचकांच्या घरातील चौथीचे पोरही सांगेल की, अशा दोन वर्षांच्या भाड्यातच किंमत फिटून वर 50 डॉलर उरतात. तरी माणूस सुटत नाही. सावकाराच्या वहीत व्याज देता देता पिढी गेली आणि मुद्दल तसेच राहिले, ही कथा ज्यांच्या घरात घडली आहे, त्यांना हे गणित समजावून सांगावयास नको.

त्याने दुसऱ्या मळ्यावरील एका गुलाम स्त्रीशी लग्न केले. मुलाचे नाव ठेविले 'फ्री', म्हणजे मोकळा. पण कायद्याने मूल आईच्या मालकाचे. नाव मोकळा आणि जन्म दावणीला!

सांगण्याची मुख्य गोष्ट पुढेच आहे. विद्यापीठाचा अध्यक्ष डेव्हिड स्वेन हा मोठा वजनदार गृहस्थ. पूर्वी राज्याचा गव्हर्नर होता. जॉर्जने त्याला विनविले की, मला आपण विकत घ्या. त्याने घेतले नाही. 1844 साली जॉर्जने उत्तरेतील गुलामगिरीचा कडवा शत्रू गॅरिसन यास पत्र लिहिले; 1853 साली न्यूयॉर्कचा नामांकित संपादक होरेस ग्रीली यास लिहिले की, मला सोडविण्यास मदत करा. दोन्ही पत्रे पुढे पाठवावी म्हणून त्याने विश्वासाने स्वेनच्या हाती दिली. स्वेनने ती पाठविली नाहीत. ती त्याच्या दप्तरात पडून राहिली आणि पुढे तेथेच सापडली.

वाचकहो, स्वेनने त्याला चाबूक मारला नाही की शिवी दिली नाही. त्याच्या विद्यापीठात जॉर्जच्या कवितांना वाहवा मिळतच होती. पण ज्या एका कामासाठी कवीने हात जोडले, ते काम मात्र झाले नाही. आणि यात त्या विद्यापीठाचाही स्वार्थ गुंतलेला होता. कोणी बेवारस मेला की त्याची मिळकत विद्यापीठाकडे जाई. त्या मिळकतीत गुलामही असत, आणि ते विकून येणारा पैसा विद्येच्या कामी लागे. अशा ठिकाणी एका गुलामाची कविता गोड लागते, त्याची सुटका मात्र महाग वाटते.

सुटका अखेर कवितेने केली नाही. 1865 च्या एप्रिलात उत्तरेची फौज चॅपल हिलला आली, तेव्हा जॉर्जचे वय सदुसष्ट अडुसष्ट झाले होते. मिशिगनच्या घोडदळातील कॅप्टन बँक्स याने मदत केली आणि त्याच साली त्याचे तिसरे व शेवटचे पुस्तक निघाले. दुसरे 1845 सालचे. 1866 साली तो फिलाडेल्फियास गेला, आणि 1883 च्या सुमारास वारला. आज त्याच विद्यापीठात त्याच्या नावाचे वसतिगृह आहे. 1996 साली राज्याच्या नामवंत साहित्यिकांत त्याची गणना झाली. 2017 साली न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात त्याच्या हातचा एक निबंध सापडला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठी बातमी केली. हा मान रास्त आहे. परंतु त्या विद्यापीठाने आफ्रिकी वंशाचे पहिले विद्यार्थी घेतले ते 1951 साली, आणि तेही कोर्टाचा हुकूम झाल्यावर, हे विसरता कामा नये.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले, त्यांना अर्पण केले. त्यांनी मान दिला तो बेडी तोडणारांना. बेडी घातलेल्या माणसाच्या गाण्यास नुसती मान डोलविणारांना दिला नाही.

आमच्या घरांतही गाणारी, रचणारी, हातात कसब असलेली मुले पुष्कळ आहेत. कोणी मोठा माणूस त्यांची पाठ थोपटील, गावच्या समारंभात हार घालील. त्याचा आनंद अवश्य माना. पण पोराचा अर्ज त्याच्या हाती दिला असेल, तर तो पुढे पाठविला की दप्तरात ठेविला, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी जाऊन विचारा. आणि जमेल तितक्या लवकर पोराला स्वतःचे पत्र स्वतः टपालात टाकण्याजोगे करा.