उसन्या बर्फातलं प्रेम

डिसेंबर उजाडला की तुमच्या फोनवर एक ठरलेली रील येतेच. पिवळे दिवे, कॉफीचा मग, गुडघ्यावर पांघरूण आणि हातात लाल-हिरव्या कव्हरची इंग्रजी कादंबरी. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, तरी पुस्तकांची ही हवा इन्स्टाग्रामवरून कोल्हापुरात पोचलीच. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांचा खडखडाट, डोक्यावर सेमिस्टरचं टेन्शन आणि आपण वाचतोय अमेरिकेतल्या बर्फात अडकलेल्या पोरापोरींची लव्हस्टोरी. वाचायला हरकत काहीच नाही. पण पुस्तक मिटल्यावर हाताला काय लागतं, ते एकदा तपासून बघूया.

त्यासाठी या प्रकारातलं गाजलेलं पुस्तक घेऊ. 'लेट इट स्नो', साल २००८. मॉरीन जॉन्सन, जॉन ग्रीन आणि लॉरेन मिराकल या तिघांच्या तीन जोडकथा. यातला ग्रीन तुम्हाला माहीत असेल. 'दिल बेचारा' त्याच्याच कादंबरीवर बेतलेला. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने 'लेट इट स्नो'वरही सिनेमा काढला. म्हणजे अपेक्षा ठेवायला पुरेपूर जागा होती.

सुरुवातही झकास आहे. ज्युबिली नावाच्या मुलीच्या आईवडिलांना ऐन नाताळात पोलीस पकडतात. कारण? सजावटीची चिनी मातीची घरं घ्यायला गेले आणि दुकानात राडा झाला! मग ती आजी-आजोबांकडे निघते, ट्रेन बर्फात अडकते आणि एका छोट्या गावात तिला नवा मुलगा भेटतो. दुसऱ्या कथेत तीन मित्र एका हॉटेलात पोचायला तुफान बर्फातून गाडी हाणतात. तिसरीत एका मुलीचं ब्रेकअप झालंय आणि तिला मैत्रिणीसाठी डुकराचं इवलंसं पिल्लू आणायचंय. संवाद चुरचुरीत आहेत, हसू येतं, हे मान्यच करायला हवं.

अडचण फक्त हवामानाची

मग निराशा कुठे होते? या पोरांच्या वाटेत खरी अडचण एकच आहे, ती म्हणजे बर्फ. ज्युबिलीचा आधीचा बॉयफ्रेंड तिच्याकडे धड लक्ष देत नाही. ही गोष्ट वर्षभर सलायला हवी, पण एक-दोन दिवसांत नवं प्रेम जमतं आणि जुनं दुखणं विरून जातं. बालपणीची मैत्रीण आपल्याला आवडते, हे दुसऱ्या कथेतल्या टोबिनला एका रात्रीत कळतं. शेवटी सगळे एका कॉफीशॉपमध्ये जमतात आणि हिशोब मिटतो. कुणाला काही गमवावं लागत नाही, त्यामुळे मिळालं त्याचंही मोल वाटत नाही.

आता हीच अडचण गंगावेशीत किंवा गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर आणून बघा. इथं प्रेमाच्या आड हवामान येत नाही. आडनाव येतं, भावकी येते, 'कुणाची पोरगी' हा प्रश्न येतो. याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. तरीही २०१६ मध्ये 'सैराट'चा शेवट बघून थिएटर सुन्न झालं, कारण तो शेवट कुणालाच परका वाटला नाही. ज्यांना जीव मुठीत धरून प्रेम करावं लागतं, त्यांना बर्फाची अडचण खेळातली वाटणारच.

सूत्र वाईट नसतं

'मग गोड शेवटाच्या गोष्टी वाचूच नयेत काय?' वाचाव्यात की! परीक्षेच्या दिवसांत डोक्याला ताप नको असतो. आणि ठरलेल्या साच्यातही चांगलं लिहिता येतं. रेचल कोहन आणि डेव्हिड लेव्हिथन यांची २०१० ची 'डॅश अँड लिलीज बुक ऑफ डेअर्स' बघा. तिथंही नाताळ आहे, न्यूयॉर्क आहे. पण पुस्तकाच्या दुकानात ठेवलेल्या लाल वहीतून दोन अनोळखी पोरं एकमेकांना ओळखू लागतात. वहीतला माणूस आणि समोरचा माणूस एकच असेल का, ही भीती खरी आहे. इन्स्टावर ओळख झालेल्या कुणालाही ती कळेल.

साच्याबद्दल बोलायचं तर कोल्हापूरकरांना ते नवं नाही. ना. सी. फडके आपल्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या प्रेमकथांनी त्या काळच्या तरुणाईला वेड लावलं होतं आणि कथा कशी रचावी याचं तंत्र त्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये मांडलं. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून इथं आले. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा या दोघांच्या नावाने गाजलेला वाद. आज रीलखाली 'क्यूट आहे' विरुद्ध 'पोकळ आहे' अशी जी भांडणं होतात, ती त्याचीच धाकटी भावंडं.

मधलं शेल्फ रिकामं

खरा प्रश्न पुढेच आहे. मराठीत आपण 'फास्टर फेणे'वरून थेट 'मृत्युंजय'वर उडी मारतो. मधल्या पंधरा ते वीस वयाचं काय? मिलिंद बोकील यांची 'शाळा' आहे, २००४ ची, पण तिच्यातली नववी आणीबाणीच्या काळातली. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' त्याहून जुनी. ब्लू टिक, ब्रेकअप आणि सीईटीच्या काळातलं प्रेम मराठीत शोधायला गेलात, तर बोटावर मोजण्याइतकी पुस्तकं सापडतील. मग पोरं इंग्रजीकडे वळली तर दोष कुणाचा?

नाताळचंच घ्या. कोल्हापुरात अमेरिकन मिशनऱ्यांचं काम १८५० च्या दशकात सुरू झालं. म्हणजे आपल्या शहरात नाताळ काही पिढ्यांपासून साजरा होतोय. अनेक मराठी ख्रिस्ती घरांत तो केकसोबत करंज्या-चकल्यांचाही असतो. त्या घरातल्या मुलीची आणि शेजारच्या गल्लीतल्या पोराची गोष्ट तुम्ही कधी वाचलीय? तिच्यात बर्फ लागणार नाही. गुऱ्हाळावरची वाफ, रंकाळ्यावरचं धुकं आणि घरी काय सांगायचं याचा घोर, एवढं पुरेल.

तेव्हा सुट्टीत लाल-हिरवं पुस्तक जरूर वाचा. पण एकदा करवीर नगर वाचन मंदिरातही चक्कर टाका, फडके-खांडेकरांची एकेक कादंबरी काढा आणि दोन्हींतला फरक स्वतःच ताडून बघा. कुठलंच पटलं नाही तर वही घ्या आणि लिहायला बसा. भावा, मधलं शेल्फ अजून रिकामंच आहे.