शार्दूलची किंमत
अच्छाड-तलासरीपासून पालघरपर्यंत चेंडू टाकणाऱ्या पोरांना शार्दूल ठाकूर घरचा वाटतो. पालघरहून लोकलने मुंबई गाठत तो भारतासाठी खेळला. त्याच्या किमतीचा प्रवास मात्र नीट पाहायला हवा. २०२२च्या आयपीएल लिलावात दिल्लीने त्याला १०.७५ कोटींना घेतलं. पुढच्या हंगामासाठी कोलकात्याने त्याच रकमेत त्याला मागून घेतलं आणि ९५ कोटींच्या मर्यादेतले जेमतेम ७.०५ कोटी हाती ठेवून ११ जागा भरायला ते लिलावात बसले. खेळाडू महाग पडला, असं लोक म्हणाले. मला हे मुळीच पटत नाही. बोली संघ लावतो, खेळाडू नाही. मग चेन्नईने ४ कोटी मोजले, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये, तेहतिशीत, त्याला कुणीच घेतलं नाही. आपला गोलंदाज मोहसिन खान जखमी झाल्यावर लखनौने त्याला २ कोटींत बोलावलं, तर हैदराबादेत त्याने ३४ धावांत ४ बळी काढले. वाढत्या वयाची जोखीम कुणी उचलायची, हे पाहायला दुसऱ्या खेळाकडे बघा: उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत २००५पासून पगाराला कडक मर्यादा आहे. तिथे पस्तिशीनंतर केलेला अनेक वर्षांचा करार खेळाडू निवृत्त झाला तरी बरेचदा संघाच्याच खात्यावर पडतो, म्हणून सही करण्याआधी व्यवस्थापकाला दहादा विचार करावा लागतो. आपल्याकडे संघ हंगाम संपताच हात मोकळे करून घेतो आणि वाढत्या वयाचा सगळा भार एकट्या खेळाडूवर येतो. २०२६साठी मुंबईने त्याला त्याच २ कोटींत आणलं. एवढ्या पैशांत नवा चेंडू, फलंदाजी आणि इतका अनुभव दुसरीकडे मिळणार नाही.