शाईची काटामारी

आमच्या घरात एक प्रिंटर आहे. तीन हजार चारशे रुपयांना घेतलेला. सध्या त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. कुणी विचारले की बायको सांगते, "सरांनी घेतला शेळीच्या भावात, खातो मात्र हत्तीएवढं."

२०२१ चा जून. शाळा बंद होत्या. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पाचवीच्या माझ्या वर्गातल्या एकतीस मुलांपैकी अकरा घरांत स्मार्टफोन होता, तोही बापासोबत कामावर जाणारा. उरलेल्या मुलांना स्वाध्यायाचे कागद घरपोच द्यायचे असे मी ठरवले. मराठीचा कागद कुठेही छापून मिळतो. उर्दूचे तसे नाही. आमच्या तालुक्याच्या गावात इनपेजवर उर्दू टायपिंग करून देणारे एकच दुकान होते आणि त्या मालकाने केव्हाच फ्लेक्सचा धंदा धरला होता. मग मीच टाइप करायचे, मीच छापायचे. त्याच आठवड्यात सेल लागला. पेटीवर लिहिले होते, मूळ किंमत पाच हजारांच्या वर. मला वाटले, अल्लाहने सोय केली.

सोबत आलेले कार्ट्रिज अडीच आठवडे चालले. दुसरे काळे कार्ट्रिज ८४९ रुपयांना पडले. म्हणजे प्रिंटरच्या किमतीचा चौथा हिस्सा, तळहातात मावणारा. पेटीवर १२० पाने लिहिली होती. मी मोजली. एकाहत्तर झाली.

वाचक म्हणतील, सर, एक प्रत छापायची आणि झेरॉक्स काढायच्या. तेही केले. पण ज्यांनी उर्दू लिहिली आहे त्यांना माझी अडचण कळेल. बे, पे, ते, टे, से यांचा सांगाडा एकच. फरक वरच्या-खालच्या खुणांचा. जुन्या झेरॉक्स मशीनवर ठिपके उडतात, नाहीतर नसलेले उगवतात. 'पानी'च्या तीन नुक्त्यांतले दोन गेले की 'बानी' होतो. तहानलेले पोर संस्थापक मागत बसते. शिवाय अक्षरओळखीचे कागद मोठ्या, जाड अक्षरांत लागतात. गिरवायला. पेटीवरचा पानांचा आकडा आयएसओ/आयईसी २४७११ या मानकाप्रमाणे काढतात. त्यात ठरावीक नमुना-पाने सलग छापून कार्ट्रिज रिकामे करतात. माझ्या घरी सलग छपाई कुठली? सोमवारी पाच पाने, मग शुक्रवारी. मधल्या काळात नळ्या सुकतात, पानावर पांढऱ्या रेघा येतात, पुन्हा नुक्ते गायब. मग 'क्लीनिंग' करायचे. क्लीनिंग म्हणजे काय, तर शाईच जोराने बाहेर टाकून छिद्रे मोकळी करायची. ती शाई कागदावर येत नाही, मशीनच्या पोटात वाया जाते. आपल्याच पैशाने आंघोळ.

हे सगळे मी एखाद्या वेळी सोसलेही असते. ठिणगी पडली ती पेटीवरच्या बारीक अक्षरांनी. साखरेच्या पुड्यावर किलो असतो, तेलाच्या पिशवीवर लिटर. बिस्किटाच्या पुड्यावरही हल्ली ग्रॅममागे किती पैसे ते छापतात. माझ्या कार्ट्रिजच्या पेटीवर निव्वळ मात्रा लिहिली होती: १ नग.

एक नग! शाई नगावर विकतात हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.

अब्बांचे किराण्याचे दुकान होते. दरवर्षी वजनमापे खात्याचा शिक्का वजनांवर मारून घ्यावा लागे आणि त्या दिवशी अब्बा नवी टोपी घालून बसत. कुराणात ८३ वी सूरत 'मुतफ्फिफीन' नावाची आहे, म्हणजे मापात कमी देणारे. ते तिचे नाव अधूनमधून घेत आणि पारडे ग्राहकाच्या बाजूला जरा झुकू देत. मापाचे गांभीर्य मी तिथे शिकलो. म्हणून मी नवे कार्ट्रिज घेऊन थेट ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी काट्यावर ठेवले, आकडा चिठ्ठीवर लिहिला. रिकामे झाल्यावर परत नेले. फरक आला चार ग्रॅम.

चार ग्रॅमला ८४९. ग्रॅमला २१२ रुपये. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर एकवीसशे वीस रुपये तोळा. सराफ हसून म्हणाले, "सर, चांदीसुद्धा एवढी महाग नाही." ईदला आमच्या मोहल्ल्यात जे चमेलीचे अत्तर घेतात ते याच्यापुढे फुकट म्हणायचे. आणि ही शाई बहुतांशी पाणी असते. थोडा रंग आणि ती लवकर सुकू नये म्हणून काही द्रव्ये, इतकेच. त्याच सुमारास दुकानात टाकीच्या प्रिंटरची काळ्या शाईची बाटली पाहिली. ६५ मिली, साडेतीनशेच्या आसपास. मिलीला साडेपाच रुपये. पाण्यासारख्या पदार्थाचा ग्रॅम आणि मिली एकच धरला, तर माझी शाई जवळपास चाळीसपट महाग होती.

ऊसवाल्या शेतकऱ्याला विचारा, काटामारी म्हणजे काय. तिथे काटा तरी असतो. इथे काटाच ठेवलेला नाही.

"किंमत छापलेली असते, वाचून घ्यायचे होते," असे आमच्या स्टाफरूममधले एक सर म्हणाले. बरे. काय वाचू? प्रिंटरच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत वेग लिहिलेला, फोनवरून छपाई होते ते लिहिलेले, रंगीत फुलाचा फोटो. एका पानाला किती रुपये पडतील हे कुठे लिहिले होते? विक्रेत्याला ते ठाऊक असते, कंपनीला तर पैशापर्यंत ठाऊक असते, कारण यंत्र स्वस्त देऊन शाईत वसूल करायचे हाच तर तो धंदा. माहिती एकाच बाजूला असते आणि शहाणपणाची अपेक्षा दुसऱ्या बाजूकडून. याला सौदा म्हणायचे?

आणि शहाणा माणूस करणार तरी काय होता? टाकीचा प्रिंटर तेव्हा साडेअकरा हजारांना होता. ज्याच्या हातात एकरकमी साडेअकरा हजार आहेत त्याला पान दहा पैशांत पडते. ज्याच्याकडे साडेतीन हजारच आहेत त्याला बारा रुपयांत. दोन वर्षांत मी नऊ काळी आणि तीन रंगीत कार्ट्रिजे घेतली, साडेदहा हजारांची. प्रिंटर धरून तेरा हजार नऊशे. पाने झाली साडेसहाशेच्या आसपास. कमी पैसेवाल्याने जास्त भरायचे, हे व्याजाच्या धंद्याचे गणित आहे. फक्त इथे सावकार दिसत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी बसस्टँडमागे मोबाइल दुरुस्ती करतो आणि कार्ट्रिजही भरून देतो. सिरिंज, हातमोजे, जुने वर्तमानपत्र. दीडशे रुपये. "सर, तुमच्याकडून कसले पैसे," म्हणतो, मी जबरदस्तीने देतो. त्याने भरलेले कार्ट्रिज घातले की संगणकाच्या पडद्यावर इशारा येतो, जणू मी चोरीचा माल घरात आणला. त्या पोराच्या मेहनतीला 'नकली' म्हणणारे यंत्र मी माझ्या पैशाने आणले आहे. विकल्यानंतरही ते कंपनीचीच चाकरी करते.

हे माझे रडगाणे नाही, जगभर यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. (माझा प्रिंटर कोणत्या कंपनीचा ते मी लिहिणार नाही.) सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी इतरांची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली, सॉफ्टवेअरमध्ये ती तजवीज आधीच करून ठेवलेली होती. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये याच कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला, दुसऱ्यांच्या कार्ट्रिजवरची बंधने ग्राहकाला नीट सांगितली नाहीत म्हणून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात सांगितले की एकदा कार्ट्रिज विकले की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, ते पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या नावाने अडवता येणार नाही. पेटंटने अडवता येत नाही, चिपने येते.

टाकीच्या प्रिंटरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून स्वस्तात छापत होते. कंपन्यांच्या लेखी हा बिघाड करणारा उद्योग. २०१० मध्ये एप्सनने तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला. म्हणजे बसस्टँडमागच्या पोरांचे डोकेच पेटीत घालून विकले, आणि चांगले चालले. स्वस्त शाई विकून कंपनी बुडत नाही, हे त्यातून दिसले. मग कार्ट्रिजचा खेळ अजून का चालू आहे? कारण साडेतीन हजारवाले गिऱ्हाईक अजून आहे.

आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने अशी क्षेत्रे घेतली. चांगले आहे. माझे मागणे त्याहून लहान आहे. कार्ट्रिजवर मिली लिहा, मिलीचा दर लिहा. प्रिंटरच्या पेटीवर, फुलाच्या फोटोएवढ्याच अक्षरांत, एका काळ्या पानाचा खर्च लिहा. आणि दुसऱ्याने भरलेले कार्ट्रिज हे यंत्र नाकारणार असेल तर तेही लिहा. मग ज्याला घ्यायचे तो घेईल.

यंदा आम्ही चार शिक्षकांनी भिशी लावून शाळेसाठी टाकीचा प्रिंटर घेतला. पहिली बाटली अजून अर्धीही झालेली नाही.

त्याच्यासाठी कागद आणायला गेलो तेव्हा दुकानात एक बाई मुलीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी प्रिंटर बघत होत्या. दुकानदार नेमका माझ्यावालाच पुढे करत होता, सेलमध्ये, तीन हजार सातशे. मला राहवले नाही. विचारले, "भाऊ, याच्या कार्ट्रिजमध्ये शाई किती येते?"

त्याने कार्ट्रिजची पेटी उलटसुलट करून पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली.

"एक नग, सर."