रबर लावलेली पट्टी

राहनाळ, पूर्णा, काल्हेर या भागात गोदामांचे गाळे वाढले, त्यामागे मुंबईची जकात हे एक मोठे कारण होते. माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि गिऱ्हाईक मिळेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र राहिली. आपल्यातले कितीतरी जण तिथे हमाली, कारकुनी करतात. आम्हीही त्यातलेच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीनच उरल्या, तेव्हा आम्ही आणायला निघालो. मिळाल्या पाचव्या दिवशी. दोन दिवस आई डोके धरून बसली होती. दिवसभर परक्याच्या मालाचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हाला घरच्या गोळ्यांचा हिशेब ठेवता आला नाही, याची लाज वाटली.

गोदामातला नियम साधा आहे. माल संपल्यावर मागवायचा नसतो. रोजचा जास्तीत जास्त खप आणि माल यायला लागणारे जास्तीत जास्त दिवस यांचा गुणाकार करायचा. साठा तेवढ्यावर आला की मागणी पाठवायची. आई रोज एक गोळी घेते. एरवी गोळ्या तीन दिवसांत मिळतात, पण पूर्वी एकदा दहा दिवस लागले होते. म्हणजे दहा उरल्या की निघायला हवे. तीन नेहमीच्या, सात अडचणीच्या. या सात म्हणजेच राखीव साठा.

कोणी म्हणेल, हातावर पोट असणाऱ्याने साठा कुठून करावा? प्रश्न खरा आहे. साठ्यात पैसा अडकतो, म्हणून व्यापारीही सगळ्याच मालाचा करत नाही. ज्याच्यावाचून काम अडते त्याचा आधी करतो. घरातही औषध आणि तांदूळ आधी, बाकीचे मागाहून. हा साठा एकदाच जमवायचा, पुढे वापरला तेवढाच भरायचा. जुने आधी वापरायचे, औषधाची मुदत पाहायची.

गोदामात दोन पेट्यांची पद्धत असते: पहिली पेटी संपली की मागणी पाठवायची, माल येईपर्यंत दुसरीवर भागवायचे. आमच्या घरी आता दहा गोळ्यांच्या शेवटच्या पट्टीला रबर लावलेले असते. ते सोडायची वेळ आली की मुलगीच आठवण करते, "बाबा, आजच आणा."

तुमच्या घरातल्या कोणत्या पट्टीला रबर लावायला हवे, ते आजच पाहा.