विश्लेषण : फुकेटमध्ये स्थायिक परदेशींची उपचारांसाठी कोंडी का होते?

समुद्रकिनारी निवांत म्हातारपण काढायला अनेक युरोपीय, अमेरिकी निवृत्त थायलंडच्या फुकेटमध्ये येऊन राहतात. प्रश्न उभा राहतो तो छातीत कळ आल्यावर. खासगी रुग्णालयांत इंग्रजी बोलणारे डॉक्टर, दुभाषे असतात. पण विमा नसेल तर आधी मोठी अनामत मागितली जाते. सरकारी वचिरा रुग्णालयात खर्च कमी, गर्दी जास्त. शिवाय २०१९ पासून सरकारी रुग्णालयांतही परदेशी निवृत्तांना थाई नागरिकांपेक्षा वेगळे, चढे दर लागू आहेत.

विमा सक्तीचा, तरीही...?

पन्नाशीपुढच्यांना मिळणाऱ्या ‘ओ-ए’ व्हिसासाठी त्याच वर्षी आरोग्य विमा सक्तीचा झाला. खरी मेख पुढेच आहे. सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणे अवघड, मिळाली तर महाग आणि जुने आजार बहुधा वगळलेले. म्हणजे ज्या दुखण्याची भीती, नेमके तेच विम्याबाहेर!

रुग्णालयाची पारख कशी?

‘जेसीआय’ मानांकन पाहिले जाते, ते योग्यच. पण ते रुग्णसुरक्षेचे आणि कार्यपद्धतीचे. बिल किती होईल, हे त्यातून कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी खर्चाचा लेखी अंदाज मागावा आणि घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मतही घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी देशभर क्रमांक १६६९.