आधी सावली, मग पक्षी

जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबाद येथे वैशाखातील दुपार कशी असते, हे तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या घरात जातो, गुरे निंबाखाली बांधली जातात, माणसे घरात शिरतात. परसातील कोंबडी मात्र तापलेल्या पत्र्याच्या खुराड्यात कोंडलेली राहते. सायंकाळी ती मेलेली आढळली, की रोगाला अथवा दैवाला बोल लावला जातो. वस्तुतः पुष्कळदा दोष असतो तो पत्र्याचा व कोरड्या भांड्याचा.

कोंबडीस घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा तितकीच तापली, म्हणजे चोच उघडून धापा टाकणे हाच मुख्य मार्ग तिला उरतो. त्यामुळे शरीरातील पाणी घटते, खाणे मंदावते, अंडी कमी होतात व त्यांचे कवचही पातळ पडते.

यावरील उपाय घरचेच आहेत. खुराडे झाडाच्या सावलीत हलवावे. पत्र्यावर कडबा, पऱ्हाट्या किंवा केळीची वाळलेली पाने यांचा जाड थर द्यावा. मात्र चूल जवळ नसावी. दोन बाजूंस जाळी ठेवून वारा खेळू द्यावा. एरवी पाव लिटरच्या आसपास पाणी पिणारी कोंबडी कडक उन्हात दुप्पट पिते. म्हणून मातीची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी सावलीत ठेवून दुपारीही पाणी बदलावे. अन्न पचताना अंगात उष्णता वाढते, यास्तव दाणा भल्या पहाटे व ऊन उतरल्यावर घालावा. मान वाकडी होणे, हिरवट हगवण ही लक्षणे दिसल्यास मात्र तो उन्हाचा त्रास न समजता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

दोन-चार कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु अंड्यांचा पैसा बहुधा गृहिणीच्या हाती राहतो. मीठमिरची व मुलांच्या वह्या त्यातूनच येतात. म्हणून सुधारित जातीचे पक्षी देण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्या घरचे परस पाहावे व सावली-पाण्याची सोय गृहिणीसच समजावून द्यावी. किती पक्षी वाटले, हा कामाचा खरा हिशेब नव्हे; मृगाचा पाऊस पडेपर्यंत किती जगले, हाच खरा हिशेब होय.